एरर रिपोर्टिंग लायब्ररीचं ऑथेंटिकेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गूगल क्लाउडच्या एरर रिपोर्टिंग लायब्ररीबद्दल आहेत, म्हणजे ॲपमधल्या एरर गूगलच्या कन्सोलवर पाठवणाऱ्या लायब्ररीबद्दल. आमच्या टीममध्ये नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात यातले निम्मे तरी विचारतोच, म्हणून एकदाच लिहून ठेवले. उदाहरणं रुबी आणि नोडची आहेत. कमांड आणि व्हेरिएबलची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सगळी कॅपिटल अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर.

लायब्ररी बसवली, ॲप नीट चालतंय, पण कन्सोलवर एकही एरर दिसत नाही. ऑथेंटिकेशन चुकलंय का?

असेलही, पण आधी दुसरी शक्यता तपासा. नोडची लायब्ररी मुळात फक्त प्रॉडक्शनमध्ये एरर पाठवते. 'नोड एन्व्ह' या व्हेरिएबलमध्ये 'प्रॉडक्शन' लिहिलेलं नसेल तर ती गप्प बसते. रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कमध्येही तसंच, डेव्हलपमेंटमध्ये ती मुद्दाम सुरू करावी लागते. लॅपटॉपवर बसून दोन तास क्रेडेन्शियल्स (ॲपची ओळख पटवणारी माहिती) उलटसुलट करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि गडबड या एका व्हेरिएबलची होती. नोडमध्ये चाचणीपुरतं 'रिपोर्ट मोड' या सेटिंगला 'ऑलवेज' द्या, म्हणजे हा प्रश्न बाजूला पडेल.

ते ठीक असेल तर मग ऑथेंटिकेशनकडे वळा. इथली खरी अडचण अशी की ही लायब्ररी बिघडली तरी बोंब मारत नाही. एरर कळवणाऱ्या गोष्टीनेच ॲप पाडलं तर काय उपयोग, म्हणून ती लॉगमध्ये एखादी ओळ टाकते आणि पुढे जाते. ती ओळ कोणी वाचत नाही. आमच्याकडे एकदा नवीन सर्व्हरवर गेल्यावर तीन आठवडे एरर रिपोर्टिंगचं पान कोरं होतं, आणि आम्ही चक्क खूश होतो. एका ग्राहकाने फोन करून पेमेंटचं पान उघडत नसल्याचं सांगितलं तेव्हा कळलं की एरर येत होत्या, कळत नव्हत्या. तेव्हापासून प्रत्येक नव्या सर्व्हरवर आम्ही एक खोटं एक्सेप्शन मुद्दाम फेकतो आणि ते कन्सोलवर दिसल्याशिवाय काम संपलं असं म्हणत नाही.

४०१ आणि ४०३ या एरर कोडमध्ये फरक काय?

४०१ म्हणजे "तू कोण ते कळलं नाही". ४०३ म्हणजे "तू कोण ते कळलं, पण हे करायची तुला परवानगी नाही". सोसायटीच्या गेटवर वॉचमनने नाव विचारलं आणि सांगता आलं नाही तर ४०१. नाव सांगून आत आलात, पण गच्चीची किल्ली तुमच्याकडे नाही, तर ४०३.

हा फरक पाठ करा, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे. ४०१ असेल तर रोल (परवानग्यांचा गठ्ठा) देत बसण्यात अर्थ नाही, क्रेडेन्शियल्स शोधा. ४०३ असेल तर क्रेडेन्शियल्स बदलू नका, रोल बघा. आणि त्या प्रोजेक्टमध्ये एरर रिपोर्टिंगचं एपीआय सुरू केलेलं आहे का तेही बघा. ते बंद असलं तरी ४०३ येतो. फक्त मेसेज वेगळा असतो, त्यामुळे आकडा बघून थांबू नका, मेसेज शेवटपर्यंत वाचा.

लायब्ररी क्रेडेन्शियल्स शोधते तरी कुठे?

एका ठरलेल्या क्रमाने, आणि पहिलं सापडलं की तिथेच थांबते. या क्रमाला गूगल 'ॲप्लिकेशन डिफॉल्ट क्रेडेन्शियल्स' म्हणतं, बोलताना सगळे 'एडीसी' म्हणतात.

सगळ्यात आधी 'गूगल ॲप्लिकेशन क्रेडेन्शियल्स' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. त्यात फाईलचा पाथ असायला हवा, फाईलमधला मजकूर नव्हे. अख्खं जेसन त्यात चिकटवणारे दर महिन्याला एक तरी भेटतात. ते व्हेरिएबल नसेल तर लायब्ररी तुमच्या होम फोल्डरमध्ये जीक्लाउडने (गूगल क्लाउडच्या कमांडने) ठेवलेली फाईल बघते. लिनक्स आणि मॅकवर ती 'डॉट कॉन्फिग' फोल्डरमधल्या 'जीक्लाउड' फोल्डरात असते, विंडोजवर 'ॲपडेटा'मध्ये. तीही नसेल तर शेवटी मेटाडेटा सर्व्हर. म्हणजे कोड गूगलच्याच मशीनवर चालत असेल तर त्या मशीनला जोडलेलं सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी कोडसाठी असलेलं खातं.

रुबीच्या जेममध्ये (रुबीत पॅकेजला जेम म्हणतात) याच्याही आधी आणखी पायऱ्या आहेत. कोडमध्ये कॉन्फिगर करताना क्रेडेन्शियल्स दिलेली असतील तर ती पहिली. मग 'एरर रिपोर्टिंग क्रेडेन्शियल्स' आणि 'एरर रिपोर्टिंग कीफाईल' ही या जेमपुरती व्हेरिएबल, आणि त्यानंतर गूगलच्या सगळ्या रुबी जेमना चालणारी 'गूगल क्लाउड क्रेडेन्शियल्स' वगैरे. 'क्रेडेन्शियल्स'ने संपणाऱ्या या दोन व्हेरिएबलमध्ये मात्र पाथ किंवा थेट जेसन, दोन्ही चालतं. नावं इतकी सारखी आणि नियम वेगळे, त्यामुळे गोंधळ होणारच. त्यात तुमची चूक नाही.

एक बारकावा फार लोकांना माहीत नसतो. पहिल्या पायरीवरच्या व्हेरिएबलमध्ये पाथ दिला आहे, पण त्या पाथवर फाईलच नाही, तर लायब्ररी पुढच्या पायरीवर जात नाही, तिथेच एरर देऊन थांबते. जुन्या सर्व्हरची एन्व्ह फाईल नव्या सर्व्हरवर जशीच्या तशी कॉपी केली की हे हमखास होतं. नव्या मशीनला सर्व्हिस अकाउंट व्यवस्थित जोडलेलं असतं, पण लायब्ररी तिथवर पोचतच नाही. व्हेरिएबल काढून टाका, काम होतं.

मी 'जीक्लाउड ऑथ लॉगिन' केलंय. टर्मिनलवरून सगळं चालतं, पण कोडला क्रेडेन्शियल्स मिळत नाहीत.

कारण ती दोन वेगळी लॉगिन आहेत. 'जीक्लाउड ऑथ लॉगिन' हे फक्त जीक्लाउड कमांडसाठी. कोडसाठी 'जीक्लाउड ऑथ ॲप्लिकेशन-डिफॉल्ट लॉगिन' वेगळं करावं लागतं. दोन्हींमध्ये ब्राउझर उघडतो, दोन्हींत तोच ईमेल निवडायचा असतो, म्हणून एकच वाटतात.

उलटंही होतं. जीक्लाउडमध्ये तुम्ही अकाउंट बदलता, पण कोड जुन्याच अकाउंटने चालत राहतो, कारण एडीसीची फाईल तशीच पडलेली असते. कंपनीने सेशनची मुदत ठेवली असेल तर सकाळी ऑफिसला आल्यावर 'इनव्हॅलिड ग्रँट' किंवा 'इनव्हॅलिड रॅप्ट' असं काहीतरी दिसेल. घाबरू नका, पुन्हा लॉगिन करा.

लायब्ररी स्वतःला कोण समजतेय हे कसं बघायचं?

माझ्या मते सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा. रोल, स्कोप, की, सगळं त्यानंतर. ज्याला तुम्ही रोल देताय त्याच ओळखीने कोड चालतोय याची खात्री नसेल तर दिवसभर भलत्याच अकाउंटला परवानग्या देत बसाल.

लॅपटॉपवर: एडीसीची फाईल उघडा. 'टाइप'पुढे 'ऑथोराइज्ड यूजर' असेल तर कोड तुमच्या स्वतःच्या नावाने चालतोय. 'सर्व्हिस अकाउंट' असेल तर त्याच फाईलमध्ये 'क्लायंट ईमेल' दिलेला असतो.

गूगलच्या मशीनवर: मशीनमध्ये शिरून मेटाडेटा सर्व्हरलाच विचारा. त्याचा पत्ता कायम १६९.२५४.१६९.२५४ असतो. 'कर्ल'ने इन्स्टन्सखालच्या सर्व्हिस अकाउंट्समधल्या 'डिफॉल्ट'चा ईमेल मागा. सोबत 'मेटाडेटा-फ्लेव्हर' हेडरमध्ये 'गूगल' पाठवायला विसरू नका, नाहीतर तो उत्तरच देणार नाही. जो ईमेल येईल तोच खरा. डायग्राममध्ये काय काढलंय आणि डिप्लॉय करणाऱ्याला काय आठवतंय याला तिथे किंमत नाही.

कुबरनेटिसमध्ये हा प्रश्न पॉडच्या (ॲपचे कंटेनर ज्यात चालतात त्याच्या) आतून विचारा, बाहेरून नाही. गूगलच्या कुबरनेटिस इंजिनवर वर्कलोड आयडेंटिटी (पॉडला स्वतःची ओळख देणारी सोय) सुरू नसेल तर पॉड त्याच्या नोडच्या, म्हणजे ज्या मशीनवर तो चालतो तिच्या, सर्व्हिस अकाउंटने बोलतो, आणि मग त्या नोडवरचे सगळे पॉड एकाच नावाने वावरतात. ऑटोपायलट क्लस्टरमध्ये वर्कलोड आयडेंटिटी आधीपासूनच सुरू असते.

सर्व्हिस अकाउंटची की फाईल लागतेच ना? सगळ्या ट्युटोरियलमध्ये तीच पहिली पायरी असते.

बहुतेक वेळा लागत नाही. ट्युटोरियलमध्ये ती असते कारण ती कुठेही चालते आणि समजावायला सोपी पडते. नेमकं तेच तिचं दुखणं आहे: ती कुठेही, कुणाच्याही हातात चालते.

सर्व्हिस अकाउंटची की तयार करताना वेगळी मुदत ठरवली नसेल तर ती आपोआप संपत नाही. तिच्या तपशिलात शेवटची तारीख बघितलीत तर ९९९९ साल दिसेल. म्हणजे एकदा डाउनलोड झालेली फाईल कुणाच्या तरी डाउनलोड फोल्डरमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा जुन्या पेन ड्राइव्हमध्ये पडून राहिली, तर ती तितकीच चालू राहते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन एचआर बंद करतं, त्याच्याकडची की फाईल कुणी बंद करत नाही.

याउलट मशीनला सर्व्हिस अकाउंट जोडलं की लायब्ररीला मिळतं ते थोड्या वेळाचं टोकन. साधारण तासाभरात ते मरतं आणि लायब्ररी स्वतःच नवीन घेते. कुठे काही साठवायचं नाही, काही फिरवायचं नाही.

म्हणून आमचा क्रम असा. कोड क्लाउड रनवर, ॲप इंजिनवर, कॉम्प्युट इंजिनवर किंवा कुबरनेटिस इंजिनवर असेल तर की फाईल नाही. लॅपटॉपवर असेल तर स्वतःचं एडीसी लॉगिन. दुसऱ्या क्लाउडवर असेल तर वर्कलोड आयडेंटिटी फेडरेशन, ते खाली आहे. यातलं काहीच जमत नसेल तरच की. ३ मे २०२४ पासून तयार होणाऱ्या नव्या ऑर्गनायझेशनमध्ये तर गूगल की तयार करणं मुळातच बंद ठेवतं. तेव्हा 'की बनवता येत नाही' असा मेसेज आला तर ॲडमिनशी भांडण्याआधी ती खरंच लागते का ते बघा.

आणि एक तिरकस सल्ला. क्लाउड रन किंवा ॲप इंजिनवर असाल तर लायब्ररी तरी लागते का? तिथे स्टॅक ट्रेस लॉगमध्ये गेला की एरर रिपोर्टिंग तो आपोआप उचलतं. लायब्ररी लागते ती कोणत्या युजरला एरर आली, कोणत्या रिक्वेस्टवर आली असं जादा काही जोडायचं असेल तर. नाहीतर लायब्ररीच काढून टाका. ऑथेंटिकेशनचा प्रश्नच मिटला.

तरी की वापरावीच लागतेय. की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाकली तर 'इनव्हॅलिड की' किंवा 'पेम'ची (की लिहिण्याच्या फॉरमॅटची) एरर येते.

नव्याण्णव टक्के वेळा हा नव्या ओळीच्या खुणेचा घोळ असतो. फाईल उघडून बघा: 'प्रायव्हेट की'पुढची किंमत 'बिगिन प्रायव्हेट की' या ओळीने सुरू होते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून एन असतो. जेसनच्या आत ही दोन अक्षरं मिळून 'इथे ओळ तोड' अशी खूण आहे. जेसन पार्सर तिची खरी ओळ करतो आणि की वाचता येते.

आता तुम्ही ती एकटी किंमत उचलून डॅशबोर्डच्या चौकटीत चिकटवता. तिथे जेसन पार्सर नाही. बॅकस्लॅश आणि एन ही दोन साधी अक्षरं म्हणून तशीच राहतात आणि 'बिगिन प्रायव्हेट की'पासून शेवटापर्यंत सगळं एकाच लांबलचक ओळीत येतं. लायब्ररी म्हणते, ही की नाही. काही डॅशबोर्ड तर आपणहून बॅकस्लॅशपुढे आणखी एक बॅकस्लॅश लावतात.

उपाय दोन. एक, किंमत वाचल्यावर कोडमध्ये बॅकस्लॅश-एनच्या जागी खरी नवी ओळ टाका. दोन, आणि हा जास्त भरवशाचा, अख्खी जेसन फाईल बेस६४ करून ठेवा, ॲप सुरू होताना उलगडा आणि लायब्ररीला द्या. बेस६४मध्ये बॅकस्लॅश नसतोच, त्यामुळे कुणी बिघडवू शकत नाही. फक्त हे लक्षात ठेवा की बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे. तो मजकूर कुणीही परत उलगडू शकतो.

कोणता रोल द्यायचा? सध्या 'एडिटर' दिलाय आणि चालतंय.

चालणारच. एडिटरला प्रोजेक्टमधलं जवळजवळ सगळं बदलता येतं. एरर पाठवायला 'एरर रिपोर्टिंग रायटर' पुरतो, त्यात एरर इव्हेंट तयार करण्याची परवानगी आहे. कन्सोलवर एरर बघणाऱ्या माणसांना 'व्ह्यूअर'. रोल सर्व्हिस अकाउंटला द्या, तुमच्या स्वतःच्या ईमेलला नव्हे. हसू नका, होतं.

रोल दिलाय, ईमेलही बरोबर आहे, तरी कॉम्प्युट इंजिनवर ४०३ येतोच.

स्कोप बघा. कॉम्प्युट इंजिनच्या मशीनवर रोलशिवाय आणखी एक जुनी चाळणी आहे, 'ॲक्सेस स्कोप'. मशीन बनवताना काही न बदलता 'डिफॉल्ट' ठेवलं असेल तर लॉग लिहिणं, स्टोरेज वाचणं, मॉनिटरिंग अशी मोजकी कामंच त्यातून पार होतात. सर्व्हिस अकाउंटला हवा तो रोल द्या, स्कोपमध्ये नसेल तर अडणारच.

मशीन थांबवा, स्कोप 'क्लाउड प्लॅटफॉर्म' म्हणजे सगळ्या एपीआयला मुभा असा करा आणि परत सुरू करा. चालू मशीनवर हा बदल होत नाही, त्यामुळे दुपारी बाराला करायला जाऊ नका. स्कोप मोकळा सोडायला भीती वाटते, पण खरी मर्यादा रोलने घालायची, स्कोपने नाही, असंच गूगलही सांगतं.

प्रोजेक्ट आयडी सापडत नाही असं म्हणते. मी तर लॉगिन केलंय.

लॉगिनने तुम्ही कोण ते कळलं, एरर कोणत्या प्रोजेक्टमध्ये टाकायच्या ते नाही. गूगलच्या मशीनवर हे मेटाडेटा सर्व्हर सांगतो. बाहेर असाल तर 'गूगल क्लाउड प्रोजेक्ट' व्हेरिएबल द्या. त्यात प्रोजेक्टचा आयडी टाका, कन्सोलवर ठळक दिसणारं नाव नव्हे. नाव आणि आयडी बरेचदा सारखे दिसतात, आयडीच्या मागे आकडे चिकटलेले असतात एवढाच फरक.

टर्मिनलवरून चालवलं तर चालतं, सिस्टमडी किंवा क्रॉनमधून (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या सोयींमधून) नाही.

तुम्ही 'बॅशआरसी'मध्ये व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलंय. ती फाईल तुमच्या शेलसाठी असते, सिस्टमडी आणि क्रॉन ती वाचत नाहीत. सिस्टमडीच्या युनिट फाईलमध्ये 'एन्व्हायर्नमेंट'ची ओळ द्या. 'सुडो'ने चालवतानाही हाच प्रकार: तो बहुतेक व्हेरिएबल गाळतो, आणि युजर रूट झाल्यामुळे होम फोल्डरही बदलतो, म्हणजे तुमची एडीसीची फाईल त्याला दिसत नाही.

डॉकरमध्येही कंटेनरला तुमचा होम फोल्डर दिसत नाही. लॅपटॉपवर एडीसीची फाईल रीड-ओन्ली माउंट करा आणि व्हेरिएबलमध्ये कंटेनरच्या आतला पाथ द्या. फाईल इमेजमध्ये कॉपी करू नका. पुढच्या ओळीत डिलीट केली तरी आधीच्या लेअरमध्ये ती राहते, आणि इमेज ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे फाईलही जाते.

सर्व्हर गूगलवर नाही. ॲमेझॉनवर आहे, काही ऑफिसमधल्या रॅकवर.

ॲमेझॉन किंवा ॲझ्युअरवर असेल तर वर्कलोड आयडेंटिटी फेडरेशन. त्या मशीनकडे त्या क्लाउडने दिलेली ओळख असतेच. ती दाखवायची आणि बदल्यात गूगलचं थोड्या वेळाचं टोकन घ्यायचं. यासाठीही एक जेसन फाईल लागते, पण तिच्यात प्रायव्हेट की नसते, ओळख कुठून आणायची आणि कुठे दाखवायची एवढंच लिहिलेलं असतं. एडीसीच्या पहिल्या व्हेरिएबलमध्ये तिचाच पाथ द्यायचा.

सेट करायला अर्धा दिवस जातो, खोटं कशाला सांगा. पूल, प्रोव्हायडर, ॲट्रिब्यूट मॅपिंग, पहिल्यांदा डोकं भणभणतं. पण तो अर्धा दिवस एकदाच जातो.

रॅकवरच्या सर्व्हरसाठी तुमच्याकडे ओपनआयडी कनेक्ट (ओळख पटवणारं टोकन देण्याची प्रमाण पद्धत) देणारी काही व्यवस्था असेल तर हाच मार्ग. नसेल तर मात्र की फाईल. इथे ती वापरायला माझी हरकत नाही. त्या एकाच कामाचं वेगळं सर्व्हिस अकाउंट, 'रायटर' एवढाच रोल, फाईलची परमिशन ६००, आणि नव्वद दिवसांनी नवी की. एका सर्व्हिस अकाउंटला जास्तीत जास्त दहा की ठेवता येतात, तेव्हा नवी चालू झाली की जुनी काढत जा.

गिटहब ॲक्शन्ससाठी?

तेच फेडरेशन. वर्कफ्लोमध्ये 'आयडी-टोकन'ला 'राइट' परवानगी द्या. आणि प्रोव्हायडरमध्ये तुमच्या रिपॉझिटरीची किंवा ऑर्गनायझेशनची अट घालायला विसरू नका. गिटहबचा टोकन देणारा पत्ता जगातल्या सगळ्या रिपॉझिटरींसाठी एकच आहे. अट नसेल तर तुम्ही 'गिटहबवरून आलेला कुणीही' आत घ्यायला तयार आहात असा त्याचा अर्थ होतो.

'इनव्हॅलिड जेडब्ल्यूटी' (जेडब्ल्यूटी म्हणजे सही केलेलं टोकन) आणि टोकनच्या वेळेबद्दल काहीतरी येतंय. की तर कालपर्यंत चालत होती.

घड्याळ बघा, भिंतीवरचं नव्हे, मशीनचं. की वापरून लायब्ररी जी सही करते तिच्यात वेळ लिहिलेली असते. मशीनचं घड्याळ काही मिनिटं पुढेमागे असलं की गूगल ती सही नाकारतं. झोपेतून उठवलेली व्हर्च्युअल मशीन आणि बॅटरी गेलेले जुने सर्व्हर हे नेहमीचे गुन्हेगार. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) सुरू करा.

की फाईल चुकून गिटहबवर गेली. कमिट डिलीट केलंय. पुरेसं आहे ना?

नाही. आधी की बंद करा, मग बाकीचं. हिस्टरी साफ करणं, टीमला मेल, स्पष्टीकरण, सगळं नंतर. सार्वजनिक रिपॉझिटरीमध्ये अशा फाईली शोधत फिरणारे बॉट असतात, त्यांना तुमच्या डिलीट होण्याची वाट बघायची गरज नसते. फोर्क आणि क्लोनमध्येही प्रत राहते.

सार्वजनिक ठिकाणी सापडलेली की गूगल बऱ्याचदा स्वतःहून बंद करतं, पण त्या भरवशावर राहू नका. आणि ही गोष्ट घाईत सुटते: की बंद केली तरी तिच्यावरून आधीच घेतलेली टोकन लगेच मरत नाहीत, ती आपली मुदत संपेपर्यंत चालतात. कुणी टोकन घेतलंय असा जरा जरी संशय असेल तर पूर्ण सर्व्हिस अकाउंटच काही काळ बंद ठेवा. ॲप थोडा वेळ एरर पाठवणार नाही, चालेल. मग ऑडिट लॉगमध्ये त्या अकाउंटने काय काय केलं ते बघा. रोल फक्त 'रायटर' असेल तर हे बघणं पाच मिनिटांचं काम आहे. 'एडिटर' असेल तर तो दिवस गेला असं समजा.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमधून एरर पाठवायच्या आहेत. सर्व्हिस अकाउंटची की फ्रंटएंडमध्ये...

नाही! पानाचा सोर्स कुणीही उघडतो. एरर पाठवायच्या या एपीआयला साधी 'एपीआय की' चालते, ती वापरा. तिच्यावर दोन बंधनं घाला: फक्त एरर रिपोर्टिंगचं एपीआय आणि फक्त तुमच्या वेबसाइटचा पत्ता. तरी कुणी खोट्या एरर पाठवू शकतं, हे गृहीत धरा. ते नको असेल तर एरर आधी आपल्या सर्व्हरवर घ्या आणि तिथून पाठवा.

आमचं सगळं मुंबई रीजनमध्ये आहे. ऑथेंटिकेशनसाठी काही वेगळं करावं लागतं का?

नाही. सर्व्हिस अकाउंट आणि रोल यांना रीजन नसतो.

पण डेटाचा विचार करा. एररसोबत रिक्वेस्टचा यूआरएल, युजरचा आयडी, आयपी पत्ता असं बरंच जातं. आमच्या एका यूआरएलमध्ये पासवर्ड बदलायचं टोकन होतं, आणि ते एरर रिपोर्टिंगच्या पानावर सरळ वाचता येत होतं. 'व्ह्यूअर' रोल असलेल्या प्रत्येकाला. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३ आल्यापासून आमचे वकील यावर प्रश्न विचारतात, आणि बरोबरच विचारतात. पाठवण्याआधी मोबाइल नंबर, टोकन असलं काही गाळून टाका, आणि 'व्ह्यूअर' कुणाकुणाला दिलाय ती यादी अधूनमधून चाळा.

जुन्या कोडमध्ये 'क्लाउड डीबगर'चा एजंट आहे. त्याचं ऑथेंटिकेशन काही केल्या होत नाही.

होणारच नाही. ती सेवा ३१ मे २०२३ ला बंद झाली. चालू ॲप न थांबवता एखाद्या ओळीवरच्या व्हेरिएबलचा स्नॅपशॉट घेता यायचा, फार कामाची होती. तिच्या जागी गूगलने फायरबेस रिअलटाइम डेटाबेसवर चालणारा ओपन सोर्स स्नॅपशॉट डीबगर दिला होता, पण त्यावरचं कामही थांबलं. जेम किंवा पॅकेज काढून टाका. रुबीत 'स्टॅकड्रायव्हर' नावाचा एकत्रित जेम लावला असेल तर डीबगर त्याच्यासोबत आलेला असू शकतो. त्याऐवजी एरर रिपोर्टिंग, लॉगिंग, ट्रेस यांतलं जे हवं ते वेगवेगळं लावा. आणि डीबगर एजंटसाठी दिलेले रोल काढायला विसरू नका, ते अजून तिथेच असतील.

सर्व्हिस अकाउंट चुकून डिलीट झालं. त्याच नावाने परत बनवलं, ईमेल तोच आहे, पण ४०३.

नाव तेच, माणूस वेगळा. प्रत्येक सर्व्हिस अकाउंटला आत एक वेगळा आकडी आयडी असतो आणि रोल त्या आयडीला चिकटलेले असतात. नव्या अकाउंटला सगळे रोल पुन्हा द्यावे लागतील. डिलीट होऊन तीस दिवस झाले नसतील तर नवीन बनवण्याआधी जुनं परत आणता येतं का बघायला हवं होतं. आता नवीन बनवून बसला आहात, तर आधी ते काढा आणि मग 'अनडिलीट' करून बघा.

रोल आत्ता दिला, तरी ४०३.

थांबा. बदल पोचायला साधारण दोन मिनिटं लागतात, कधी सात, कधी त्याहून जास्त. तोवर दुसरा रोल देऊ नका, नाहीतर नंतर कोणत्या रोलने काम झालं तेच कळणार नाही.